शिडाची स्वयंचलित बोट बिघडली, तर फॉल्ट कसा शोधायचा

मे महिन्यातली संध्याकाळ होती. इंदूरहून सिमरोलकडे जाताना आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं शेततळं आहे, आत प्लॅस्टिक अंथरलेलं. त्यात आम्ही आमची मीटरभर लांबीची बोट सोडली होती. पश्चिमेचा वारा चांगला लागला होता. पहिल्या दोन खुणा तिने आपल्या आपण गाठल्या आणि मग मधोमध जाऊन डावीकडे गोल गोल फिरायला लागली. बांधावर उभा असलेला शेतमालक म्हणाला, "भिया, ये तो गोल-गोल घूम री हे." आमच्यातली नववीतली एक मुलगी लगेच म्हणाली, "काका, कंपास गेला. उद्या जेल रोडवरून नवीन आणू या."

कंपास गेला नव्हता. खरा दोष कंपासच्या चार पायऱ्या मागे होता आणि तो सापडायला आम्हाला दोन दिवस लागले. त्या दिवशी नवीन कंपास आणून बसवला असता तर बोट एखाददुसरी फेरी नीट चालली असती आणि पुन्हा फिरायला लागली असती. नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी हे सांगतो की जो भाग बंद पडलेला दिसतो तो बहुतेक वेळा मार खाल्लेला असतो, मारणारा मागे लपलेला असतो. त्याच्यापर्यंत कसं जायचं ते इथे क्रमाने लिहितो, आणि ती गोल फिरणारी बोट शेवटपर्यंत सोबत ठेवतो.

ज्यांनी अशी बोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोटीत एक छोटा कंट्रोलर बोर्ड असतो. बोटीचं तोंड कुठे आहे ते कंपास सांगतो, बोट कुठे आहे ते जीपीएस, आणि वारा कुठून येतो ते डोलकाठीच्या टोकावरचं वातकुक्कुट. हे तिन्ही बघून बोर्ड दोन सर्वोंना, म्हणजे हुकमाप्रमाणे फिरणाऱ्या छोट्या मोटरींना, हुकूम देतो: एक सुकाणू फिरवतो, दुसरा शिडाची दोरी ओढतो किंवा सोडतो. दोरी ओढणाऱ्याला आपण विंच म्हणू या. पाण्यात सोडल्यावर कोणी रिमोट हातात घेत नाही. म्हणूनच बिघाड झाला की विचारायला बोटीवर कोणी नसतं, मागे राहिलेल्या खुणांवरूनच सगळं ओळखावं लागतं.

हा प्रश्न फक्त आपल्यासारख्या शिकाऊंचा नाही. अटलांटिक महासागर माणसाशिवाय शिडावर पार करायची मायक्रोट्रान्सॅट नावाची स्पर्धा आहे, बोटीची लांबी जास्तीत जास्त २.४ मीटर. २०१० मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठाची 'पिंटा' आयर्लंडहून निघाली, पण पलीकडे पोहोचली नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं बोटी निघत राहिल्या आणि वाटेत गप्प होत राहिल्या. २०१८ मध्ये नॉर्वेची 'एसबी मेट' न्यूफाउंडलंडहून निघून सुमारे ८० दिवसांनी आयर्लंडच्या बाजूला पोहोचली, तेव्हा पहिल्यांदा ते जमलं. समुद्रात गप्प झालेल्या बोटीचा फॉल्ट शोधायला ती हातात नसते. आपल्या तळ्यातली बोट हाताशी येते, हा आपला मोठा फायदा आहे. तो घाईत घालवू नका.

पहिली पायरी: काठावरून बघा, हात लावू नका

बोट बिघडली की सगळे आधी तिला ओढून आणायला धावतात. थांबा. बोट बुडत नसेल आणि किनाऱ्यावर आपटत नसेल तर पाच मिनिटं तिला तसंच चालू द्या आणि फोनवर व्हिडिओ घ्या. व्हिडिओत मोठ्याने बोलत राहा: वारा कुठून येतोय, सुकाणू कुठल्या बाजूला आहे, शीड ओढलेलं आहे की सैल, फडफडतंय का. ही पाच मिनिटं पुन्हा मिळत नाहीत.

बोट कशी वागते यावरून बरंच कळतं. सतत एकाच दिशेला गोल फिरत असेल तर सुकाणू एका बाजूला अडकलं आहे, किंवा बोर्डाला दिशा चुकीची कळते आहे. ती वाऱ्याबरोबर आडवी वाहत असेल आणि शीड, सुकाणू दोन्ही हलत नसतील तर बहुधा वीजच गेली. नागमोडी जात असेल, म्हणजे सुकाणू सारखं इकडून तिकडे मारत असेल, तर सेन्सर आणि सर्वो दोन्ही जिवंत आहेत, प्रोग्राममधले आकडे तपासा. वाऱ्याकडे नाक करून उभी राहिली आणि शीड फडफडतंय, तर तो उपकरणाचा दोष असेलच असं नाही. शिडाची कुठलीही बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा तिच्यासाठी बंद असतो. त्यात ती अडकली तर आधी वातकुक्कुट काय सांगतंय ते बघा, मग बाकीचं.

आमची बोट दर वेळी डावीकडेच फिरत होती आणि सुकाणू पूर्ण डावीकडे होतं. पण विंच मात्र अधूनमधून दोरी ओढत-सोडत होता. म्हणजे बोर्ड जिवंत होता. एवढं काठावरूनच कळलं.

दुसरी पायरी: पुसायच्या आधी फोटो

बोट हातात आली की रुमाल काढायचा मोह होतो. पाणी कुठे आहे, कुठे नाही, हा पुरावा आहे. बोर्ड आणि वायरी ज्यात असतात त्या बंद डब्याचं झाकण उघडताना वरून फोटो घ्या, उघडल्यावर पुन्हा घ्या. थेंब कुठल्या कोपऱ्यात आहेत, कुठल्या वायरच्या बाजूने ओघळ आलाय, गंजाचा डाग कुठे आहे, हे अर्ध्या तासाने दिसणार नाही. सुकाणूला किंवा बोटीखालच्या उभ्या पात्याला शेवाळ, जलपर्णी, दोरा गुंडाळलेला असेल तर तो काढायच्या आधी तोही टिपा.

इथे एकच अपवाद आहे, आणि तो कडक आहे. लिथियम बॅटरी फुगलेली दिसली, गरम लागली किंवा तिच्या टोकांवर पाणी आहे असं वाटलं, तर फोटो वगैरे नंतर. झेपलं तर प्लग काढा, बॅटरी मोकळ्या जागेत जमिनीवर ठेवा आणि सगळ्यांना लांब करा. गाडीत नेऊ नका, घरात आणू नका, पुन्हा चार्ज करू नका. मुलांबरोबर काम करत असाल तर हे आधी सांगून ठेवा, त्या वेळी सांगायला सवड नसते.

बोट कुठे सोडायची तेही इथेच सांगतो, कारण मुलं विचारतातच. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर या दोन्ही जागा २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आहेत, तिथे पक्षी उतरतात. तिथे आपली बोट नको. ओळखीचं शेततळं, मालकाची परवानगी आणि काठावर पोहता येणारा एक मोठा माणूस, इतकं पुरे आहे.

तिसरी पायरी: लॉग वाचा

बोटीवर काय काय घडलं ते दर सेकंदाला मेमरी कार्डवर लिहून ठेवणारा लॉग नसेल, तर आधी तो लिहायला शिका. फॉल्ट शोधायचं नंतर बघू. वेळ, कंपासची दिशा, जीपीएस, वाऱ्याची दिशा, दोन्ही सर्वोंना दिलेले हुकूम, बॅटरीचा व्होल्टेज, एवढं तरी हवं. आणि प्रत्येक ओळ लिहिल्यावर ती खरोखर कार्डवर उतरेल असं करा. नाहीतर वीज गेली की शेवटची काही मिनिटं हवेत विरतात, आणि आपल्याला नेमकी तीच हवी असतात.

लॉग वाचताना शेवटच्या ओळीवर उडी मारू नका. जिथे सगळं ठीक होतं तिथून सुरुवात करा आणि पहिली विचित्र ओळ शोधा. वेळेत फट पडली असेल, म्हणजे १७:४२:१० नंतर एकदम १७:४२:१६, तर बोर्ड बहुधा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. बऱ्याच बोर्डांना आपण का रीसेट झालो ते सांगता येतं: वीज कमी पडली, प्रोग्राम अडकला म्हणून वॉचडॉगने उठवलं, की बटण दाबलं. सुरू होतानाच ते कारण लॉगमध्ये लिहून घ्या. दोन ओळींचा कोड आहे, पण कित्येक तासांची मेहनत वाचवतो.

आमच्या लॉगमध्ये वेळेत फट नव्हती. पण दिशेच्या रकान्यात २१२.४, २१२.४, २१२.४ असं लिहिलेलं, अकरा मिनिटं तेच. मुलीने ते बघितलं आणि म्हणाली, "काका, एकसारखं येतंय म्हणजे चांगलंच ना?" नाही. जिवंत सेन्सर कधीच स्थिर नसतो. टेबलावर ठेवलेल्या बोटीचा कंपाससुद्धा दशांशात थरथरतो, पाण्यावर तर पाच-पाच अंश हलतो. आकडा अजिबात हलत नसेल तर सेन्सर बोलायचा थांबला आहे आणि बोर्ड त्याचा शेवटचा शब्द उगाळतो आहे. बोटीला जायचं होतं १४० अंशांवर. बोर्डाला वाटत होतं तोंड २१२ वर आहे, म्हणजे डावीकडे वळायला हवं. कितीही वळलं तरी आकडा २१२ च. म्हणून गोल गोल.

दिशा गोठली तो क्षण कोणता, तेही लॉगमध्ये होतं. त्याच सेकंदाला विंचने पूर्ण सैल शीड एकदम आत ओढलं होतं. बॅटरीच्या रकान्यात मात्र ५.० व्होल्ट, एकदम ठणठणीत. इथे दोन गोष्टी आम्ही शिकलो. आमचा व्होल्टेज बॅटरीच्या टोकांवर मोजला जात होता, कंपासपाशी नाही. आणि तो सेकंदातून एकदाच मोजला जात होता. विंच सुरू होतानाचा खड्डा काही मिलिसेकंदांचा असतो, तो दोन नोंदींच्या मध्ये सहज निसटतो. आता आम्ही सर्वोंच्या बाजूला मोजतो आणि प्रत्येक सेकंदातला सगळ्यात कमी आकडा लिहितो.

चौथी पायरी: वीज, आणि तीही ओझ्याखाली

माझ्या टेबलावर आलेल्या बोटींत सगळ्यात जास्त दोष इथेच निघाले आहेत. प्लग, क्रिंप (दाबून बसवलेले जोड), स्विच, वायर. चिप स्वतः जळलेली क्वचितच असते, म्हणून तिच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्या.

बॅटरी नुसती मीटरला लावून बघणं म्हणजे आजाऱ्याला निजल्या निजल्या "कसं वाटतंय" विचारण्यासारखं आहे. त्याला चालवून बघा. विंच चालू करा, शिडाची आडवी काठी हाताने घट्ट धरा म्हणजे विंचला जोर लागेल, आणि तेव्हा मोजा. दोन-तीन सेकंदच धरा, जास्त वेळ अडवलं तर विंचची मोटर जळेल. साध्या मोठ्या सर्वोला अडकल्यावर दोन अँपिअर किंवा त्याहून जास्त लागतात. बॅटरीपाशी ५.० आणि विंचपाशी ४.१ आला, तर ०.९ व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवले. आता ते कुठे हरवले ते शोधायचं.

त्याची रीत सोपी आहे, पण कोणी शिकवत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, दोन्ही काड्या एकाच वायरवर लावा: एक प्लगच्या अलीकडे, एक पलीकडे. विंच ओढत असताना चांगल्या प्लगवर शून्याच्या जवळपास आकडा येतो, दोन-तीन शतांश व्होल्ट. एक दशांशाच्या वर गेला तर तो प्लग वाईट आहे. असं बॅटरीपासून विंचपर्यंत एकेक जोड तपासत जा. आणि काळी वायर विसरू नका. सगळे लाल वायर तपासतात, परतीची वाट तपासत नाहीत.

आम्ही तसंच केलं. लाल बाजूला काही नाही. स्विचवर काही नाही. काळ्या वायरच्या मधल्या प्लगवर काड्या ठेवल्या, मुलीने काठी धरली, आणि मीटरवर ०.८८ आला. हरवलेले जवळपास सगळे व्होल्ट एका जागी सापडले. बाहेरून तो प्लग नवाकोरा दिसत होता. त्याच्यावरची प्लॅस्टिकची श्रिंक ट्यूब ब्लेडने उभी कापली, तर आत तांब्याच्या तारांवर मऊ हिरवी पूड होती, जुन्या तांब्याच्या भांड्यावर चढते तशी. काही तारा हात लावताच तुटल्या. वायरचं प्लॅस्टिक आणखी सोललं तर आत चार सेंटिमीटरपर्यंत तांबं काळं पडलं होतं. म्हणजे पाणी प्लगमधून आलं नव्हतं. ते तारांच्या मधल्या फटींतून, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं, दुसऱ्या टोकाकडून चढत आलं होतं.

वायर सलग आहे का ते सांगणाऱ्या बीपवाल्या कंटिन्यूटी टेस्टने हा दोष सापडला नसता. आम्ही मुद्दाम बघितलं, मीटर खणखणीत वाजला. अर्धा ओहम त्याला दोष वाटत नाही. पण दोन अँपिअर वाहिले की तोच अर्धा ओहम एक व्होल्ट खातो. मीटरवर विंचपाशी ४.१ दिसत होता ती सरासरी होती, सुरुवातीच्या झटक्याचा खड्डा त्याहून खोल. आमच्या मुख्य बोर्डावर थोडी वीज साठवणारा मोठा कपॅसिटर होता, म्हणून बोर्ड टिकून राहिला. कंपासला वीज नेणाऱ्या फांदीवर असं काहीच नव्हतं. तो क्षणभर मेला, पुन्हा जागा झाला, पण जागा झाल्यावर त्याला 'मोजायला लाग' हा हुकूम पुन्हा कोणी दिलाच नाही, कारण बोर्डाला तो पडल्याचं कळलंच नव्हतं.

प्रोग्राममध्ये आता आम्ही असं केलं आहे: ओळीने वीस नोंदी अगदी सारख्या आल्या तर कंपास पुन्हा सुरू कर, आणि तसं केल्याचं लॉगमध्ये लिही. दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. नुसतं सुरू करून गप्प बसलं तर खरा आजार झाकला जातो आणि वायर आत कुजत राहते.

पाचवी पायरी: पाणी आत आलं कुठून

प्लग बदलून काम संपलं असं वाटतं. पण प्लग का कुजला हे कळलं नाही तर पुढच्या महिन्यात दुसरा कुजेल.

आमच्या डब्याला रबरी रिंग होती, केबल आत शिरते तिथे ती घट्ट धरणारे ग्लँड होते, बादलीत बुडवून तपासला होता, एक बुडबुडा आला नव्हता. तरी तळाला चमचाभर पाणी. उत्तर इंदूरच्या मे महिन्यातच होतं. आम्ही दुपारी तीनला कडक उन्हात, गाडीच्या बॉनेटवर डबा ठेवून झाकण लावत होतो. आतली हवा ४५ अंशांच्या आसपास. मग बोट तळ्यात, पाणी २८ अंश. बंद डब्यातली हवा गार झाली की तिचा दाब पाचेक टक्क्यांनी उतरतो. ऐकायला कमी वाटतं, पण तो फरक अर्धा मीटर खोल पाण्याच्या दाबाइतका असतो. म्हणजे वर तरंगणारा डबा अर्धा मीटर बुडवल्यासारखा आतून ओढत असतो. बादलीत थोडं खाली नेऊन काही होत नव्हतं, कारण तिथे डबा आणि पाणी दोन्ही एकाच तापमानाला होते. तळ्यात मात्र डोलकाठीच्या केबलच्या ग्लँडवर लाटेचं पाणी साचायचं आणि थेंब थेंब आत ओढलं जायचं. तिथून केबलच्या तारांत, तारांतून प्लगमध्ये. संध्याकाळी मालव्याची हवा छान गार पडते, शब-ए-मालवा म्हणून आपण तिचं कौतुक करतो. तिच्यामुळे डबा आणखी ओढतो.

उपाय साधा. झाकण सावलीत लावा. बोट आधी दहा मिनिटं पाण्यावर गार होऊ द्या, एक स्क्रू सैल ठेवा, मग आवळा. केबल आत शिरायच्या आधी तिला खाली झोळ द्या म्हणजे थेंब तिथून गळून पडेल. जाड वायर डब्याच्या आत एका जागी सोलून सोल्डरने भरून घ्या, तारांमधली वाट बंद होते. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा आतल्या आतच दव पडतं. त्यासाठी सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती दर वेळी वाळवून घ्या.

सिलिकॉन सीलंट घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तो सर्किटजवळ नको, वाळताना निघणारं आम्ल तांबं खातं. दुकानदाराला 'न्यूट्रल' सिलिकॉन मागा. सियागंजात स्क्रू घेताना लोखंडी नको, स्टेनलेसचे घ्या, एक तर गंजासाठी आणि दुसरं कंपाससाठी. आणि स्टेनलेससुद्धा चुंबक लावून बघून घ्या, काही ओढले जातात.

सहावी पायरी: सेन्सर एकेक करून

वीज आणि पाणी दोन्ही निर्दोष ठरले तरच सेन्सरकडे या.

कंपास तपासायचा तर घराच्या गच्चीवर नको. स्लॅबमध्ये सळया असतात, सुई वेडी होते. मोकळ्या मैदानात जा, गाड्यांपासून लांब, खडूने किंवा चुन्याने आठ दिशा आखा आणि बोट एकेक दिशेला ठेवून आकडे लिहा. सगळीकडे सारखाच फरक येत असेल तर कंपास तिरका बसलाय. एका बाजूला जास्त, समोरच्या बाजूला उलटा फरक येत असेल तर बोटीतलंच काहीतरी चुंबक झालं आहे: विंचची मोटर, स्पीकर, लोखंडी वजन. मग विंच चालू करून पुन्हा बघा. आकडा तेव्हाच उडी मारत असेल तर मोटरच्या वायरी कंपासजवळून गेल्या आहेत. त्या लांब न्या आणि लाल-काळी एकमेकींभोवती पिळून घ्या. नकाशाची उत्तर आणि सुईची उत्तर यांत आपल्याकडे जेमतेम अंशभर फरक आहे, तेव्हा दहा अंशांची चूक त्याच्या माथी मारू नका. बोट कलल्यावर मात्र साधा कंपास चुकतो. हातात बोट तिरकी करून बघा.

अजून एक, नवीन लोक हमखास इथे अडतात. एचएमसी५८८३एल म्हणून विकत घेतलेल्या मॉड्यूलवर बऱ्याचदा क्यूएमसी५८८३एल चिप निघते. दिसायला जुळ्या, पण बोर्डाने हाक मारायचा पत्ता वेगळा: पहिलीचा हेक्समध्ये १ई, दुसरीचा ०डी. कंपास उत्तरच देत नसेल तर फेकून द्यायच्या आधी स्कॅनर प्रोग्राम चालवून कोणत्या पत्त्यावर कोण आहे ते बघा.

जीपीएससाठी एकच सांगतो. त्याच्या ओळीत एक अक्षर असतं, 'ए' असेल तर जागा खरी, 'व्ही' असेल तर नाही. तुमचा प्रोग्राम ते अक्षर बघतो का? आणि बोट अगदी हळू जात असताना जीपीएसने सांगितलेली दिशा धरू नका, उभ्या बोटीलाही तो दिशा सांगत राहतो.

वातकुक्कुट टेबल फॅनसमोर ठेवून बोट आठ दिशांना फिरवा. मालव्यातली धूळ बेअरिंगमध्ये बसली की ते जोराच्या वाऱ्यात बरोबर आणि मंद वाऱ्यात अडकलेलं असतं. तोंडाने हलकी फुंकर मारली तर फिरलं पाहिजे. डोलकाठी काढून पुन्हा बसवली असेल तर ते उलटं बसलं नाही ना, तेही बघा.

सातवी पायरी: सुकाणू, विंच, दोऱ्या

सर्वोला सेकंदाला ५० वेळा एक छोटा इशारा जातो, १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा, १५०० म्हणजे मध्य. तिन्ही आकडे देऊन बघा. सर्वो फिरतो पण सुकाणू नाही? मग वरचा हात दात्यांवरून घसरतोय किंवा मधली काडी सुटली आहे. सर्वो घुमतोय आणि हलत नाही? काडी काढा आणि सुकाणू हाताने फिरवा. जड लागलं तर शेवाळ किंवा वाकलेला दांडा. नुसता सर्वोच आवाज करत असेल तर दाते गेले. विंचच्या दोरीचा गुंता कोरड्या दोरीवर दिसत नाही, ती ओली करून बघा.

रेडिओ गप्प झाला म्हणून बोट मेली असं समजू नका. अँटेना ओली असेल, किंवा बोट कललेली असताना टोक पाण्याला टेकलं असेल. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी लायसन्सशिवाय मोकळा आहे, लोरा (लांबवर छोटे संदेश पाठवणारा रेडिओ) मॉड्यूल त्यातलंच घ्या.

आठवी पायरी: फॉल्ट परत आणून दाखवा

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, कंपास आणि प्रोग्राम तिन्ही एकदम बदलले आणि बोट चालली, तर आपल्याला काहीच कळलं नाही. आम्ही नवीन प्लग लावून बोट नीट चालल्यावर जुना हिरवा प्लग परत लावला. विंच ओढला. चौथ्या ओढीला दिशा गोठली. पुन्हा नवा लावला, पन्नास वेळा ओढला, गोठली नाही. तेव्हा मुलीने वहीत तारीख घालून लिहिलं: "काळ्या वायरचा मधला प्लग. ०.८८ व्होल्ट. पाणी डोलकाठीच्या ग्लँडमधून. झाकण उन्हात लावलं होतं." कुजलेला प्लग त्या पानावर सेलोटेपने चिकटवला आहे.

कधी येणारा, कधी न येणारा दोष असेल तर घरी त्याला छळा. वायरी एकेक करून हलवा, बोर्डावर हेअर ड्रायरची गरम हवा सोडा, डबा तासभर फ्रीजमध्ये ठेवा, टेबलावर हलके ठोके द्या. ज्या क्षणी दोष दिसेल त्या क्षणी हात तिथेच थांबवा. पुढे कधी बोट समुद्रावर न्यायची असेल तर लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालून बादलीत समुद्र करा आणि बोटीचे सगळे जोड त्यात चालवून बघा. गोड्या पाण्यात महिनोन्‌महिने टिकणारा कच्चा जोड खाऱ्या पाण्यात काही दिवसांत उघडा पडतो.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा बोट सोडताना तिच्या मागच्या कडीला मासे पकडायची नायलॉनची दोरी बांधा आणि रीळ हातात ठेवा. पहिली पंधरा मिनिटं काठाजवळच, शीड पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर असं किमान दहा वेळा होऊ द्या. मग बोट काढा, डबा उघडा, तळाला हात फिरवून कोरडं आहे ना बघा, लॉग उघडून दिशेचा रकाना थरथरतोय ना ते बघा, आणि मगच दोरी सोडा.